घड्याळें जुळविणारा ग्रंथ कसा वाचावा?

(लेखक : एक सेवानिवृत्त शिक्षक, शहाड)

एकाच शहरांत दोन वेळा नांदूं लागल्या म्हणजे काय होतें, याचा अनुभव मुंबईनें पुष्कळ वर्षें घेतला आहे. आगगाडी मद्रास-वेळेवर चाले आणि शहर स्थानिक वेळेवर. दोहोंत सुमारें अर्ध्या तासाचें अंतर. 1881 सालीं गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांनीं सरकारी कचेऱ्यांस मद्रास-वेळ लावून दिली. परंतु लोकांचा विरोध एवढा झाला कीं, 1883 सालीं तो हुकूम मागें घ्यावा लागला. पुढें 1 जानेवारी 1906 पासून ग्रीनिचच्या साडेपांच तास पुढें असणारी भारतीय प्रमाणवेळ सुरू झाली. ‘मुंबई-वेळ’ तिच्या 39 मिनिटें मागें. मुंबईच्या म्युनिसिपालिटीनें मात्र आपली जुनी वेळ सोडली नाहीं; ती स्वातंत्र्यानंतरही कांहीं वर्षें चालू राहिली. घड्याळ पाहून भागत नसे; तें कोणत्या वेळेचें घड्याळ, हेंही विचारावें लागे.

आज कल्याणच्या पुढें कसाऱ्याच्या वाटेवर पहिलेंच स्टेशन जें शहाड, तेथें फलाटावर उभ्या असलेल्या दहा माणसांचे दहा मोबाइल पाहिले, तर दहांही ठिकाणीं एकच मिनिट दिसतें. हें कोणत्याही गव्हर्नराच्या हुकुमानें घडत नाहीं. ज्याच्या त्याच्या यंत्रांत एक लहानसा कारकून बसलेला असतो. तो वरचेवर दूरच्या घड्याळांकडे विचारणा करतो आणि आपल्या घरचें घड्याळ हळूच सारखें करतो. बँकेचा व्यवहार, रेल्वेचें आरक्षण, दवाखान्यांतील नोंद, या सर्वांचा क्रम त्याच्यावर अवलंबून आहे. म्हणूनच 28 एप्रिल 1922 नव्हे, तर बरोबर शंभर वर्षांनंतरच्या 28 एप्रिल 2022 रोजीं भारत सरकारच्या ‘सर्ट-इन’ या संस्थेनें संगणक चालविणाऱ्या कंपन्यांना आपलीं घड्याळें नॅशनल इन्फॉर्मेटिक्स सेंटर किंवा दिल्लीची राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा यांच्या वेळेशीं जुळवून ठेवण्याची आज्ञा केली. भारतीय प्रमाणवेळ राखण्याचें काम याच प्रयोगशाळेकडे, तेथील अणुघड्याळांकडे आहे.

या कारकुनाला काम शिकविणारा जो मूळ ग्रंथ, म्हणजे ज्याला संगणकाच्या व्यवसायांत ‘सोर्स कोड’ म्हणतात, तो सर्वांस खुला आहे. आमच्या घराघरांतील मुलें-मुली आज संगणकाच्या कचेऱ्यांत नोकरी करतात. परंतु दुसऱ्यानें लिहिलेला असा मोठा ग्रंथ आरंभापासून अर्थ लावीत वाचणारे त्यांत थोडे. प्रस्तुत लेखक कांहीं या धंद्यांतला नव्हे. जन्मभर संस्कृत शिकविलें, आणि आतां जुन्या विद्यार्थ्यांच्या संगतीनें रविवारीं हा ग्रंथ वाचला. त्यांत असें दिसून आलें कीं, शास्त्रग्रंथ लावण्याची आपली जुनी रीत येथें चांगली उपयोगी पडते. तीच येथें थोडक्यांत सांगावयाची आहे.

ग्रंथ आणि ग्रंथकार

ग्रंथाचें नांव ‘एनटीपी’, म्हणजे ‘नेटवर्क टाइम प्रोटोकॉल’. अमेरिकेंतील डेलावेअर विद्यापीठाचे प्राध्यापक डेव्हिड मिल्स हे त्याचे प्रवर्तक. 1985 सालीं या पद्धतीचा पहिला नियमलेख त्या नांवानें प्रसिद्ध झाला. हल्लीं प्रमाण मानला जाणारा चौथा पाठ 2010 सालचा आहे. मिल्स यांना जन्मतः काचबिंदूचा विकार होता, पुढें दृष्टि गेली, तरी काम थांबलें नाहीं. 17 जानेवारी 2024 रोजीं वयाच्या 85 व्या वर्षीं ते निवर्तले. सर्वच यंत्रें त्यांचाच कोड चालवितात असें नाहीं. लिनक्सच्या अनेक प्रकारांत आज ‘क्रोनी’ नांवाचा दुसरा कार्यक्रम असतो, आणि 2015 सालीं मूळ ग्रंथाची ‘एनटीपीसेक’ ही एक वेगळी शाखाही निघाली. परंतु घड्याळांनीं एकमेकांशीं बोलण्याची भाषा सर्वांची एकच, आणि ती समजण्यास मिल्स यांच्या परंपरेंतील मूळ संहितेइतकें दुसरें साधन नाहीं.

संहिता ‘सी’ या भाषेंत आहे आणि तिच्या ओळी लाखाहून अधिक आहेत. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत सरळ वाचीत जाणारा तिसऱ्या दिवशीं पोथी मिटून ठेवतो. म्हणून प्रथम मांडणी पाहावी.

पोथीची मांडणी

व्याकरण शिकतांना आपण आधीं संज्ञा पाहतों, मग परिभाषा, आणि नंतर विधि. येथेंही तसेंच करावें. ‘इन्क्लूड’ नांवाच्या फोल्डरांत संज्ञाप्रकरण आहे. त्यांतील ‘एनटीपी डॉट एच’ ही फाइल सर्वांत आधीं वाचावी. ‘पीअर’ म्हणजे ज्याच्याशीं आपण वेळ जुळवितों तो सोबती. त्याच्याविषयीं कोणकोणती माहिती जपून ठेवावयाची, याची संपूर्ण यादी तेथें दिली आहे. तार किंवा तरंग यांवरून जाणारें पॅकेट कसें असतें, हेंही तेथेंच सांपडतें. ही एक फाइल नीट वाचली म्हणजे पुढील निम्म्या शब्दांचा अर्थ आपोआप लागतो.

दुसरा फोल्डर ‘लिबएनटीपी’. यांत बेरीज-वजाबाकी, तारखांचें रूपांतर, पत्ते छापणें अशीं लहानसहान कामें आहेत. हा कोश समजावा. गरज पडेल तेव्हां उघडावा, सलग वाचूं नये. ‘एनटीपीक्यू’ या फोल्डरांत कारकुनास प्रश्न विचारण्याचें साधन आहे. ‘एचटीएमएल’ या फोल्डरांत जें गद्य विवेचन आहे, तें या सूत्रांवरील भाष्यच होय. त्यांतील पुष्कळसा भाग स्वतः मिल्स यांच्या हातचा आहे.

मुख्य विधिप्रकरण ‘एनटीपीडी’ या फोल्डरांत आहे. परंतु येथेंच नवखा वाचक घाबरतो, कारण तेथें फाइलींची मोठी गर्दी आहे. त्यांपैकीं ज्यांच्या नांवाचा आरंभ ‘रेफक्लॉक’ या शब्दानें होतो, त्या सर्व प्रथम बाजूस ठेवाव्या. उपग्रहाची वेळ घेणारीं यंत्रें, रेडिओ-घड्याळें अशा एकेका उपकरणाची ती स्वतंत्र कथा आहे. गुप्तलेखनाची ‘एनटीपी क्रिप्टो’ ही फाइलही पहिल्या वाचनांत सोडून द्यावी. मग हातांत राहतात त्या थोड्याच : ‘प्रोटो’, ‘पीअर’, ‘लूपफिल्टर’, ‘टायमर’, ‘आयओ’ आणि ‘कॉन्फिग’. यांतील ‘प्रोटो’ हें हृदय आणि ‘लूपफिल्टर’ हा हात.

एका पॅकेटाचा प्रवास

मीमांसक म्हणतात कीं, ग्रंथाचें तात्पर्य ठरवितांना उपक्रम आणि उपसंहार यांची एकवाक्यता पाहावी. या ग्रंथाचा उपक्रम म्हणजे पॅकेट आंत येणें, आणि उपसंहार म्हणजे घड्याळ सरकणें. या दोन टोकांमधील एकच वाट प्रथम चालून पाहावी. आजूबाजूच्या गल्ल्यांत शिरूं नये.

वाट अशी आहे. ‘टायमर’ दर सेकंदास जागा होतो आणि कोणाला विचारावयाची वेळ झाली तें पाहतो. झाली असल्यास ‘ट्रान्समिट’ हें फंक्शन प्रश्न पाठवितें. उत्तर आलें कीं ‘आयओ’ त्याच्यावर आगमनाची वेळ टिपतो आणि ‘प्रोटो’मधील ‘रिसीव्ह’ या फंक्शनाच्या स्वाधीन करतो. ‘रिसीव्ह’ हें फार लांबलचक प्रकरण आहे. परंतु त्याचें काम द्वारपालाचें. हा कोण, याची ओळख आहे काय, याला आंत घ्यावें कीं परत लावावें, एवढेंच तें ठरवितें. आंत घेतलेलें पॅकेट ‘प्रोसेस पॅकेट’ या फंक्शनाकडे जातें, आणि तेथें खरें गणित होतें.

तें गणित गृहिणींसही समजेल असें सोपें आहे. समजा, शहाडहून एक निरोप्या माझ्या घड्याळांत 10 वाजतां निघाला. कल्याणास मित्राच्या घरीं तो पोंचला तेव्हां मित्राच्या घड्याळांत 10-40 झाले होते. मित्रानें त्याला चहा देऊन आपल्या घड्याळाच्या 10-50 ला परत पाठविलें, आणि तो माझ्या घरीं आला तेव्हां माझ्या घड्याळांत 10-50 च वाजले होते. मी एकूण 50 मिनिटें वाट पाहिली, त्यांतील 10 मिनिटें मित्राकडे गेलीं; म्हणजे वाटेंत 40. जातांना-येतांना सारखाच वेळ लागला असें धरलें तर एका फेरीस 20 मिनिटें. मग निरोप्या 10-20 ला पोंचावयास हवा होता, मित्राचें घड्याळ 10-40 दाखवितें. अर्थात् तें माझ्याहून 20 मिनिटें पुढें आहे. संगणक हेंच करतो. मात्र मिनिटांऐवजीं सेकंदाचे हजारांश आणि त्याहूनही बारीक भाग मोजतो.

यांत एक मर्म आहे. जाण्यास 30 आणि येण्यास 10 मिनिटें लागलीं असतील, तर उत्तर 10 मिनिटांनीं चुकेल, आणि या चार वेळांवरून ती चूक कधींही कळणार नाहीं. परंतु ती वाटेंतील एकूण वेळेच्या निम्म्याहून अधिक असूं शकत नाहीं, हें निश्चित. यावरून पुढची युक्ति निघते. ‘क्लॉक फिल्टर’ हें फंक्शन प्रत्येक सोबत्याचीं शेवटचीं आठ उत्तरें जवळ ठेवतें आणि त्यांतील ज्याला वाटेंत सर्वांत कमी वेळ लागला, त्यावर अधिक विश्वास ठेवतें. जो निरोप्या रमतगमत आला, त्याच्या सांगण्यांत चुकीस जागा अधिक!

साक्षीदारांची परीक्षा

आतां एकाच मित्राच्या घड्याळावर विसंबून कसें चालेल? त्याचेंच बिघडलें असेल तर? म्हणून कारकून अनेकांना विचारतो. पुढील ‘क्लॉक सिलेक्ट’ हें फंक्शन म्हणजे न्यायाधीशाची बैठक होय, आणि सबंध ग्रंथांत तें पुन्हां पुन्हां वाचण्यासारखें आहे. प्रत्येक साक्षीदार ‘खरी वेळ अमुकच’ असें न सांगतां ‘या दोन टोकांच्या मध्यें आहे’ असें सांगतो. न्यायाधीश बहुमताच्या टोकांचा समान भाग शोधतो. ज्याची साक्ष त्या भागाला स्पर्शही करीत नाहीं, तो खोटा ठरून बाहेर जातो. दोनच साक्षीदार असून ते भांडूं लागले, तर कोण खरा हें ठरवितां येत नाहीं; तिघांत एक खोटा असल्यास ओळखूं येतो. जाणते लोक निदान चार सर्व्हर लावावयास कां सांगतात, तें येथें कळतें : एखादा बंद पडला तरी तिघे उरावे.

साक्षीदाराची पातळीही पाहिली जाते. अणुघड्याळ किंवा उपग्रहाचें घड्याळ ही शून्य पातळी. त्याला जोडलेला सर्व्हर पहिल्या पातळीचा. त्याला विचारणारा दुसऱ्या पातळीचा. असें खालीं उतरत जातें. 16 हा आंकडा आला म्हणजे ‘याची वेळ जुळलेली नाहीं’ असें समजावें.

सरकवावें कीं एकदम फिरवावें?

निवाडा झाला कीं ‘लूपफिल्टर’ फाइलींतील ‘लोकल क्लॉक’ या फंक्शनाची पाळी. आपल्या पंचांगाच्या मापानें एक घटिका 24 मिनिटांची, पळ 24 सेकंदांचें आणि विपळ सेकंदाच्या दोन-पंचमांश. येथें दोन मर्यादा आहेत : एक 128 हजारांश सेकंद, म्हणजे विपळाच्या तिसऱ्या हिश्शाहूनही कमी, दुसरी 1000 सेकंद, म्हणजे 41 पळें 40 विपळें. फरक पहिल्या मर्यादेच्या आंत असेल तर घड्याळ एकदम फिरवीत नाहींत. तें किंचित् जलद किंवा मंद चालवून सावकाश जुळवितात. त्याहून अधिक असेल तर कांहीं मिनिटें थांबून, तो फरक टिकतो कीं क्षणिक आहे हें पाहतात, आणि टिकला तरच कांटा एकदम फिरवितात. दुसरी मर्यादाही ओलांडली गेली, तर कारकून सरळ काम सोडून देतो. एवढी चूक असतांना आपल्या बुद्धीनें कांहीं करण्यापेक्षां मालकानें येऊन पाहावें, हें बरें.

घड्याळ मागें ओढण्याचें टाळण्यास कारण आहे. वेळ मागें गेली, तर आधीं झालेली गोष्ट नंतर झाल्यासारखी नोंदली जाते. ठेव जमा होण्यापूर्वींच काढलेली दिसते. शिवाय हा कारकून केवळ आजची चूक पुसून थांबत नाहीं. आपलें घड्याळ रोज किती धांवतें किंवा रेंगाळतें, याचें मान काढून तें ‘ड्रिफ्ट’ नांवाच्या लहानशा फाइलींत लिहून ठेवतो. ज्योतिष जाणणाऱ्यांस येथें बीजसंस्काराची आठवण झाल्यावांचून राहणार नाहीं. आमचे ज्योतिषी वेध घेऊन ग्रहाच्या स्थितीबरोबर त्याच्या गतींतही दुरुस्ती करीत, ती हीच गोष्ट.

आंकड्यांचें चक्र

‘इन्क्लूड’ व ‘लिबएनटीपी’ यांत 2208988800 हा विलक्षण आंकडा भेटतो आणि वाचक थबकतो. हा अहर्गणाचाच प्रकार आहे. एनटीपी सेकंद मोजतें 1 जानेवारी 1900 पासून, आणि युनिक्स पद्धतीचे संगणक मोजतात 1 जानेवारी 1970 पासून. या दोहोंमध्यें 25567 दिवस गेले. त्यांचे सेकंद एवढे होतात.

दुसरी गोष्ट अशी कीं, सेकंदांच्या या मोजणीस ठराविकच जागा दिलेली आहे. सुमारें 136 वर्षांनीं ती भरते आणि मोजणी पुन्हां शून्यापासून सुरू होते. तो दिवस 7 फेब्रुवारी 2036 आहे. यानें गोंधळ होईल असें वाटतें. परंतु कोड लिहिणारांनीं बहुतेक ठिकाणीं दोन वेळांची केवळ वजाबाकी वापरली आहे, आणि जवळच्या दोन वेळांची वजाबाकी चक्र उलटलें तरी बरोबर येते. आपल्या प्रभवादि साठ संवत्सरांचें असेंच नाहीं काय? एखाद्याचा जन्म कोणत्या संवत्सरीं झाला हें सांगितलें आणि मनुष्य समोर असला, तर कोणतें चक्र हें विचारावें लागत नाहीं. गणेश दैवज्ञांनीं 1520 सालच्या ‘ग्रहलाघवां’त आंकडे लहान राहावे म्हणून 11 वर्षांचीं, 4016 दिवसांचीं चक्रें योजिलीं, तेंही याच जातीचें कौशल्य.

शोधाचा एक धडा

ज्यांना प्रत्यक्ष अभ्यास करावयाचा आहे, त्यांच्याकरितां एक सोपा पाठ सांगतों. एनटीपी चालू असलेल्या यंत्रावर ‘एनटीपीक्यू’ या साधनानें सोबत्यांचा तक्ता मागवावा. त्यांत ‘रीच’ नांवाचा एक रकाना असतो आणि प्रकृति ठीक असतां तेथें 377 असें दिसतें. हा आंकडा कोठून आला, एवढाच प्रश्न हातीं घ्यावा. सर्व फाइलींतून ‘रीच’ हा शब्द शोधावा. ‘एनटीपी डॉट एच’मध्यें त्याची संज्ञा सांपडेल. ‘ट्रान्समिट’मध्यें असें दिसेल कीं, प्रत्येक विचारणेच्या वेळीं तो आंकडा एक घर डावीकडे सरकतो. स्वीकार होणाऱ्या बाजूस दिसेल कीं, उत्तर पटलें म्हणजे रिकाम्या घरांत एक मांडला जातो. घरें आठ, आठही विचारणांस उत्तर मिळालें म्हणजे आठ एक, आणि ते अष्टमान पद्धतीनें लिहिले कीं 377. एवढा एक धागा धरून गेलेला वाचक न कळत द्वारपाल, कारकून आणि यादी या तिघांची ओळख करून परत येतो. असे चार-पांच धागे झाले कीं, ग्रंथ आपला झाला.

वाचतांना वहींत दोनच गोष्टी लिहाव्या : कोणतें फंक्शन कोणाला बोलावितें, आणि तें कोणती माहिती बदलतें. टीपा जरूर वाचाव्या, परंतु टीप आणि सूत्र यांत विरोध दिसला तर सूत्रच खरें. यंत्र टीप वाचीत नसतें.

हा खटाटोप कशाकरितां?

कोणी म्हणेल कीं, घड्याळ आपोआप जुळतें, मग या उठाठेवीची गरज काय? यास उत्तर आपल्याच इतिहासांत आहे. ‘ग्रहलाघव’ हा ग्रंथ इतका सोयीचा कीं, महाराष्ट्रांतील पंचांगें शतकानुशतकें त्याच्यावर चाललीं. गणेश दैवज्ञ स्वतः वेध घेणारे होते. परंतु पुढें त्यांचीं कोष्टकें वापरणारे पुष्कळ झाले आणि त्यांची उपपत्ति समजून घेणारे थोडे. गणित आणि आकाश यांत अंतर पडत गेलें, आणि तें दुरुस्त करण्याचा अधिकार कोणाजवळच उरला नाहीं. एकोणिसाव्या शतकांत कुलाब्याच्या वेधशाळेंत काम केलेल्या केरो लक्ष्मण छत्रे यांनीं नवीं कोष्टकें रचलीं, त्यांवरून पटवर्धनी पंचांग निघालें, आणि मग जो वाद माजला तो कित्येक पिढ्या शमला नाहीं. ग्रंथ वापरांत राहतो, पण वाचनांत राहत नाहीं, तेव्हां असें होतें.

एनटीपीच्या बाबतींतही इशारा मिळून चुकला आहे. शेवटीं कोणी कोणी वेळ विचारली याची यादी मागण्याची एक जुनी सोय या ग्रंथाच्या एका कोपऱ्यांत होती. प्रश्न लहान, उत्तर भलें मोठें. दुष्टांनीं दुसऱ्याच्या नांवानें तो प्रश्न हजारों सर्व्हरांस विचारला, आणि उत्तरांचा लोंढा त्या बिचाऱ्याच्या दारांत सोडला. फेब्रुवारी 2014 मधील अशा एका हल्ल्यांत हा लोंढा सेकंदाला सुमारें 400 अब्ज बिटांपर्यंत गेला होता. दोष वेळेच्या गणितांत नव्हता. ज्या माजघरांत कोणी फिरकत नव्हतें, तेथें होता. आणि सगळें जग ज्यावर उभें आहे, त्या संहितेची देखभाल करणारीं माणसें मोजकींच आहेत. मूळ आचार्य तर आतां निघून गेले.

ज्या समाजानें वेदाचा एकेक स्वर पद, क्रम, घन अशा पाठांनीं जपला, त्याच्या मुलांना दुसऱ्याचा ग्रंथ धीरानें वाचणें अवघड जाऊं नये. लिहिणारे आज पुष्कळ आहेत, आणि आतां तर यंत्रेंही कोड लिहूं लागलीं आहेत. त्यामुळें लिहिलेलें समजून घेणारांची किंमत वाढली आहे, कमी झालेली नाहीं. ज्यांच्या घरीं असा तरुण किंवा तरुणी आहे, त्यांनीं आठवड्यांतील एक तास या अध्ययनास राखून ठेवण्यास सांगावें. पहिल्या महिन्यांत ‘एनटीपी डॉट एच’, दुसऱ्यांत एका पॅकेटाचा प्रवास, तिसऱ्यांत ‘क्लॉक सिलेक्ट’, एवढाच क्रम धरावा. वर्षाच्या शेवटीं एखादी चुकलेली टीप सुधारून मूळ कर्त्यांकडे पाठविण्याइतकी योग्यता आली, तरी पुष्कळ झालें. ग्रंथाचें ऋण अध्ययनानें फिटतें, असें आपले पूर्वज मानीत. या ग्रंथाचें ऋण तर आपण रोज, प्रत्येक सेकंदास घेत आहों.